‘नाही ओळखलं’ म्हणणारे सर

माणसाने माणसाला ओळखणं हा सगळ्या संस्कृतीचा पाया आहे. हे वाक्य आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. ते मीच लिहिलं होतं, पगार घेऊन. ज्यांच्या कामाविषयी ते होतं त्या सरांनी मात्र पहिले सात महिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. ‘अगं’ म्हणत, ‘ऐक’ म्हणत, फार तर ‘माहितीपत्रकवाली’ म्हणत. सात महिन्यांनी एका दुपारी डबा खाताना त्यांनी माझं नाव घेतलं आणि वर खुलासा केला, “आता खात्री झाली. आधी तू आणि ती अकाउंट्समधली, दोघी एकच आहात की काय असं वाटायचं.”

अकाउंट्समधली ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी आणि वीतभर उंच होती.

सरांचं काम होतं यंत्रमानवाला माणसं ओळखायला शिकवणं. आमची कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात होती. डावीकडे बटणं बनवणारा, उजवीकडे केकचे खोके बनवणारा, आणि मध्ये आम्ही सहाजण भविष्य बनवणारे. भविष्य कंबरेएवढं उंच होतं, पांढरं, खाली चाकं, पोटात चौदा खण आणि डोक्यावर कॅमेरा. वृद्धाश्रमात फिरून ज्याची त्याची औषधं ज्याला त्याला द्यायची, हे त्याचं काम. आमच्या डायरेक्टरने त्याचं नाव ‘स्नेहसारथी’ ठेवलं होतं. डायरेक्टर सोडून सगळे त्याला पिंप म्हणत. पिंपाच्या तोंडची मराठी वाक्यं मी लिहायचे. त्यापेक्षा अवघड मराठी मी आजवर लिहिलेली नाही, कारण प्रत्येक वाक्य सरांकडून मंजूर करून घ्यावं लागे. ‘नमस्कार, कसे आहात?’ हे त्यांनी कापलं. म्हणाले, “त्याला उत्तर ऐकायचं नाहीये. मग विचारायचं कशाला?”

त्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्नच्या आसपास असावं. पूर्वी एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत. तिथे म्हणे हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला उभं करून ते विचारायचे, “तो तूच कशावरून?” सत्तावीस मुलांची हजेरी होईपर्यंत तास संपायचा. ही गोष्ट मुलांनी रचलेली असेल असं वाटून मी एकदा सरांनाच विचारलं. ते म्हणाले, “सत्तावीस नाही. एकोणीस.”

बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, कानाकडे बघत. त्यामुळे पाच मिनिटांत समोरचा माणूस कान चाचपायला लागे. कानाला काही लागलं नाहीये ना, हे बघायला दोनदा बाथरूममध्ये जाऊन आलेले पाहुणे मी पाहिले आहेत. सरांचं म्हणणं असं, की चेहरा हा माणसाचा सगळ्यात बेभरवशाचा भाग. तो हसतो, सुजतो, दाढी वाढवतो, पावडर लावतो. “कान बिचारा काही करत नाही. म्हातारपणी जरा लांबतो, एवढंच.”

पिंप माणसाला ओळखतं कसं, हे त्यांनी मला एकदा कटिंग पिता पिता समजावून दिलं होतं. ते जितकं मला कळलं तितकं असं: कॅमेरा आधी चित्रात माणूस कुठे आहे ते शोधतो. मग त्याच्या चेहऱ्याचे, अंगलटीचे, चालीचे काही शे आकडे करतो. मग पिंपाजवळ आधीपासून असलेल्या फोटोंचे आकडे काढतो आणि हे आकडे त्या आकड्यांच्या किती जवळ आहेत ते बघतो. शंभरापैकी काहीतरी गुण येतात. अमुक गुणांच्या वर गेला तर ओळखला, खाली राहिला तर नाही ओळखला. त्या अमुक आकड्याला सर उंबरठा म्हणत.

“म्हणजे ते खरं ओळखत नाही,” मी म्हटलं.

“तू तरी काय करतेस? तूही हेच करतेस. तुला तुझे आकडे माहीत नाहीत, म्हणून तू त्याला ओळख म्हणतेस.”

उंबरठा त्यांनी ब्याऐंशीवर ठेवला होता. फार उंच आहे अशी डायरेक्टरची कायम तक्रार. पिंप दहातल्या तीन वेळा ‘नाही ओळखलं’ म्हणून मोकळं व्हायचं. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं. “चुकीचं ‘नाही’ म्हटलं तर माणूस रागावतो. चुकीचं ‘हो’ म्हटलं तर माणूस फसतो. रागावलेल्याची समजूत घालता येते.”

पिंपाची परीक्षा घ्यायला ते वेष बदलून येत. घाटकोपरला, त्यांच्या घराजवळ, शाळांच्या स्नेहसंमेलनांना कपडे भाड्याने देणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडून दाढ्या, टोप, फेटे आणून सर भर मे महिन्यात माकडटोपी घालून गाळ्यात शिरत. एकदा मिशी अर्धी काढून आले. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी. एकदा इस्टेटच्या वॉचमनने त्यांना गेटवरच अडवलं आणि साहेब असल्याचं कितीही सांगितलं तरी आत सोडलं नाही. मी खाली जाऊन त्यांना घेऊन आले. सर आनंदात होते. “याचा उंबरठा चांगला आहे,” म्हणाले. “याला पिंपाच्या जागी ठेवायला हवा.”

हे सगळं कामापुरतं असतं तर विक्षिप्त शास्त्रज्ञ म्हणून सोडून देता आलं असतं. पण सर घरीही असेच होते, आणि लग्नातही.

आपल्याकडे लग्नात एक खेळ चालतो. कोणीतरी वयस्क माणूस जेवणाच्या रांगेत आपल्यासमोर उभा राहतो, हनुवटी वर करतो आणि विचारतो, “ओळखलंस का?” आपण ओळखलेलं नसतं. आपण म्हणतो, “ओळखलं म्हणजे काय! कसे आहात?” मग पुढची दहा मिनिटं घाम पुसत, हा काका की मामा याचे धागे शोधत काढायची. दोघांनाही सगळं माहीत असतं. तरी खेळ पुरा करतात, कारण मोडला तर जेवण गोड लागत नाही.

आमच्याकडच्या एकाच्या लग्नाला घाटकोपरच्या हॉलमध्ये मी सरांबरोबर गेले होते. एक गृहस्थ पुढे आले. पोट, सफारी, कपाळाला गंध. “ओळखलंस का?”

सरांनी त्यांच्या कानाकडे निरखून पाहिलं. “नाही.”

“अरे, नीट बघ.”

“बघितलं. एखाद्या ओळखीच्या माणसाचा भाऊ वाटता. पन्नास-पंचावन्न गुण.”

गृहस्थ हसले, पण ते हसणं चेहऱ्यावर जेमतेम टिकलं. “भाऊ? अरे, दहावीला आपण एका बाकावर होतो.”

“असेल,” सर म्हणाले. “तेव्हा तुम्ही बसलेले असायचात.”

गृहस्थ निघून गेले. मी सरांना म्हटलं, “हो म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?” ते म्हणाले, “त्याला मी ओळखलेलं नको होतं, मी ‘हो’ म्हटलेलं हवं होतं. ते तर कोणीही म्हणेल. त्याला माझी काय गरज?”

आता ते मनोरीला राहतात. मी कधीतरी फोन करते. “कोण?” विचारतात. मी नाव सांगते. म्हणतात, “असेल.”

तर, मुलुंडचा वृद्धाश्रम. डोंगराच्या बाजूला, दुमजली, पुढे ओटा आणि ओट्यावर सिमेंटचे बाक. चौदा माणसं. तो चालवणारा ट्रस्ट बऱ्यापैकी मोठा होता. तीन महिने पिंप तिथे चाललं तर ते आणखी पिंपं घेणार होते; न चाललं तर बटणंवाल्याला आमचा गाळा हवाच होता. मला तिथे मुक्कामी नेमलं, म्हणजे सकाळी नऊ ते पाच. पिंपाचं मराठी कुठे अडतं ते बघायला, आणि लॅपटॉपवरून त्याच्यावर लक्ष ठेवायला.

पहिल्या दिवशी उद्घाटन झालं. मुख्य विश्वस्तांनी नारळ वाढवला, पिंपाला हार घातला आणि कुंकू लावलं. कपाळ म्हणून जो भाग त्यांना दिसला तो कॅमेरा होता. त्या दिवशी पिंपाने कोणालाच ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंकू पुसल्यावरही ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खोत काका, आयुष्य गिरणीत काढलेले, रोज पिंपासमोर छाती काढून उभे राहत, आणि पिंप रोज माझं वाक्य म्हणे: “नाही ओळखलं. आपण कोण?” मग सिस्टर येऊन गोळी देत. सिस्टर मुळातच पिंपाच्या विरोधात होत्या. “तुमचं हे पिंप माझं काम कमी करतं का वाढवतं, तेवढं सांगा मला,” असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणत.

कोडं रविवारी सुटलं. रविवार भेटीचा वार. खोत काकांचा मुलगा डोंबिवलीहून आला, ओट्यावर बापाशेजारी बसला. पिंप त्यांच्यापुढे येऊन थांबलं, वळलं, आणि मुलाला म्हणालं, “खोत काका, आपली साखरेची गोळी.” खण उघडला.

मुलगा उठून उभा राहिला. “मला कुठे साखर आहे?”

“घे, घे,” खोत काका म्हणाले. “तुलाही सुरू व्हायचीच आहे.”

त्या दिवशी पिंपाने पाच मुलांना, दोन मुलींना आणि एका पुतण्याला बरोबर त्यांच्या आईबापांच्या आणि काकांच्या गोळ्या देऊ केल्या. मी सरांना फोन केला. सर दुपारी आले, पिंपातले सगळे फोटो उघडून बसले आणि अर्ध्या तासाने म्हणाले, “यंत्र बरोबर आहे. फोटो कोणी मागवले?”

फोटो ट्रस्टच्या ऑफिसने घरच्यांकडून मागवले होते. “एक चांगला फोटो पाठवा,” असं पत्रात होतं. आणि आईबापाचा चांगला फोटो म्हणजे काय, हे मुलांनी आपापल्या परीने ठरवलं होतं. सगळे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे. केस काळे, गाल भरलेले. पुढेमागे भिंतीवर लावायची वेळ आली तर शोभावा, असा फोटो जवळजवळ प्रत्येक घरात काढून ठेवलेला असतो. तोच त्यांनी पाठवला. पिंप आईबाप शोधत फिरत होतं आणि ते त्याला त्या रविवारी मुलांच्या चेहऱ्यात सापडले.

सरांनी दुसऱ्याच दिवशी नवे फोटो काढले. तेरा जणांचे. बसलेले, उभे, चालताना, पाठमोरे. चौदाव्या सावंत आजी. त्या तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून पुतण्याकडे होत्या. मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. त्यांचा जो फोटो आमच्याकडे होता तो कोणाच्या तरी घरच्या गणपतीतल्या गर्दीतून कापलेला, आणि त्यातला अर्धा चेहरा आरतीच्या तबकामागे.

आजी परत आल्या तेव्हा बाकीच्या तेरा जणांचं पिंपाशी उत्तम जमलेलं होतं. पिंप नाव घेऊन हाक मारी, खण उघडे, माणसं गोळ्या घेऊन त्याच्या डोक्यावर थोपटत. सावंत आजींसमोर मात्र पिंप थबके आणि म्हणे, “नाही ओळखलं. आपण कोण?”

पहिल्या दिवशी आजी हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव सांगितलं. पण पिंप नाव ऐकून गोळी देत नसे, सिस्टरना बोलावत असे. कोणीही कोणाचंही नाव सांगेल, असं सरांचं म्हणणं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आजी पिंप यायच्या वेळी बाकावरून उठून आत जायला लागल्या. मी त्यांच्या मागे गेले तर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

“सगळ्यांका वळखता,” त्या म्हणाल्या. “त्या खोताच्या झिलाक सुद्धा वळखल्यान म्हणतत, जो हंय ऱ्हवणा पण नाय. माका तेवढा वळखणा नाय मेलो.”

“आजी, ते यंत्र आहे.”

“म्हणान तर. माणसान वळखला नाय तर समजान घेवचा. तेका काय धाड भरली?”

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, डोळ्यावरचा काळा चष्मा निघाला की फोटो काढू, आठ दिवस थांबा. डायरेक्टरला आठ दिवस थांबायचं नव्हतं. विश्वस्त महिनाअखेर येणार होते. सर बोरिवलीला कुठल्याशा लग्नाला गेले होते त्या दिवशी सकाळी डायरेक्टरचा फोन आला.

“उंबरठा साठ कर.”

“सरांना विचारून…”

“सर तिकडे लोकांना ‘नाही ओळखलं, नाही ओळखलं’ करत फिरत असतील. यार, एक आकडा आहे तो. एक आजी रोज रडते आहे, ट्रस्टच्या कानावर गेलं तर वाट लागेल. कर आणि संध्याकाळी परत वर घे.”

आजी रडत होत्या हे खरं होतं. मी आकडा बदलला. त्यासाठी लॅपटॉपवर दोन बटणं दाबावी लागली.

नाश्त्यानंतर पिंप सावंत आजींसमोर थांबलं आणि म्हणालं, “पेडणेकर आजी, आपली साखरेची गोळी.” पेडणेकर आजी त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला होते. मी उठून पोचेपर्यंत सावंत आजींनी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या, आणि पिंपाच्या डोक्यावर थोपटलं.

“आजी, ती तुमची नव्हती. त्याने नाव पेडणेकरांचं घेतलं.”

“ऐकलंय मी. नाव चुकला म्हणान काय झाला? हाक तरी मारल्यान ना.”

आजींना साखर नव्हती. मी लगेच सिस्टरना सांगितलं, तरी दोन तासांत आजींना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, माझं बोलणं त्यांना कळेना. सिस्टरनी साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. दुपारपर्यंत आजी सावरल्या. चारला चहा मागितला.

सर लग्नाच्या कपड्यांत आले. ओरडतील असं वाटलं होतं. माझ्याशेजारी बसले आणि विचारलं, “किती केलास?”

“साठ.”

“पेडणेकर किती आल्या होत्या?”

मी बघून सांगितलं. “एकसष्ट.”

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून तो आकडा पाहिला. मग म्हणाले, “म्हणजे यंत्र बरोबर होतं. ते सांगत होतं की मला फारसं वाटत नाही. आपण त्याला ‘हो’ म्हणायला लावलं.” ‘आपण’ म्हणाले. मला ते जास्त लागलं. मग त्यांनी डायरेक्टरला माझ्यासमोर फोन लावला. “आकडा पुन्हा ब्याऐंशी. तुला खाली हवा असेल तर उद्यापासून मी घरी.”

पलीकडून काय काय आलं ते ऐकू येत होतं. ‘गाळा’ ऐकू आला, ‘विश्वस्तांसमोर’ ऐकू आलं. शेवटी सर म्हणाले, “म्हणू दे की ‘नाही ओळखलं’. खरं असेल तर म्हणू दे,” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी घाटकोपरहून मुलुंडला येऊन सावंत आजींबरोबर बसायला लागले. डोळ्यांवरचा चष्मा निघाला तसे फोटो सुरू झाले. आजींचा अवतार ठरलेला: फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर नॅपकिन, तोंडात दात नाहीत. दात त्या वाटीत ठेवत; ते ‘भायर जाताना’ लावायचे. सर त्यांना ओट्यावरून पाण्याच्या फिल्टरपर्यंत चालायला लावत, मग परत, मग पाठमोरं. आजी चालता चालता बोलत.

घाटकोपरला त्यांची खानावळ होती म्हणे, नवरा गेल्यावर बारा वर्षं चालवलेली. मी विचारलं, “मग गिऱ्हाईकं लक्षात राहत असतील ना, कोणाला काय लागतं ते?”

“खंय लक्षात ऱ्हवतत? शंभर माणसा येत. मी सगळ्यांका एकच विचारी, ‘नेहमीचाच ना?’ सगळे हो म्हणत. मगे जा शिजला आसात ता वाढी.”

सर कॅमेरा खाली ठेवून त्यांच्याकडे बघायला लागले. “आणि कोणी तक्रार नाही केली?”

“कित्याक करतीत? आपणाक वळखल्यान म्हणान खूश.”

“म्हणून तुम्ही ती गोळी घेतलीत.”

आजी थांबल्या. त्यांनी खांद्यावरचा नॅपकिन काढला, झटकला, परत टाकला. “होय तर,” म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “तू तरी माका वळखतंस?”

सरांनी त्यांच्या उजव्या कानाकडे पाहिलं, मग डाव्या. “अजून नाही. परवापर्यंत होईल.”

आजी माझ्याकडे वळल्या. “गो चेडवा, ह्यो माणूस खोटा बोलणा नाय. ह्येका लग्नाक कोण बोलवता?” आणि दात नसलेल्या तोंडाने इतक्या हसल्या की सिस्टर बाहेर येऊन बघून गेल्या.

नवव्या दिवशी पिंप आजींसमोर थांबलं आणि म्हणालं, “सावंत आजी, आपली दाबाची गोळी.” सत्त्याऐंशी गुण. आजी म्हणाल्या, “ऐकाक येता. वरडा नको.” पण त्या दिवशी त्या पिंपाच्या मागे मागे दोन खोल्या फिरल्या.

विश्वस्त आले ते पाचजण. शाली, नारळ, फोटोग्राफर. सर सुरुवातीपासून पिंपाच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि कुंकू घेऊन आलेल्या बाईंना त्यांनी ते चाकाला लावायला सांगितलं. डायरेक्टर नव्या सूटमध्ये. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन कोपऱ्यात.

आम्ही सगळ्याचा विचार केला होता, एका गोष्टीचा सोडून. पाहुणे येणार म्हटल्यावर माणसं नटतात. खोत काकांनी सफारी घातली होती आणि केस काळे केले होते. तरी त्यांना पिंपाने ओळखलं. दोन पावलं पुढे यायला सांगून, पण ओळखलं. एकेक करून तेरा झाले. टाळ्या पडत होत्या. शेवटी सावंत आजी आल्या. ठेवणीतली जांभळी साडी, अंबाड्यावर गजरा, तोंडाला पावडर, गळ्यात पोवळ्यांची माळ, आणि दात. मी त्यांना महिनाभर रोज बघत होते. मलाच ओळखायला एक क्षण लागला.

मुख्य विश्वस्त प्रेमाने म्हणाले, “या आजी. तुम्हाला ओळखतो ना हा?”

पिंप म्हणालं, “नाही ओळखलं. थोडं पुढे या.”

आजी पुढे आल्या.

“नाही ओळखलं. आपण कोण?”

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. डायरेक्टर हसत हसत माझ्या खुर्चीमागे आला आणि ओठ न हलवता म्हणाला, “आकडा. यार, आकडा.” लॅपटॉपवर एकोणऐंशी दिसत होते. तीन गुणांचा प्रश्न होता. या वेळी नावही बरोबर आलं असतं. मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते आजींकडे बघत होते. मी लॅपटॉप मिटला.

मुख्य विश्वस्त म्हणाले, “काय हो हे? चौदातल्या एकच आजी उरल्या, आणि त्यांनाच…”

“तेचा बरोबर आसा,” आजी म्हणाल्या. “ह्या साडयेत तेना माका कधी बघूक नाय. वायच थांबा.” आणि पदर सावरत आत निघून गेल्या.

त्या आत होत्या तेवढा वेळ डायरेक्टर माणूस आणि यंत्र यांच्यातल्या नव्या नात्याविषयी बोलला. बोलता बोलता माझं माहितीपत्रकातलं वाक्यही त्याने दोनदा वापरलं. मग दार उघडलं. फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर नॅपकिन, गजरा नाही, पावडर पुसलेली, दात नाहीत. पाच विश्वस्त आणि फोटोग्राफर यांच्यामधून आजी आपल्या रोजच्या चालीने ओट्यावर आल्या आणि पिंपासमोर उभ्या राहिल्या. पिंपाने कॅमेरा वर केला.

“सावंत आजी, आपली दाबाची गोळी.”

टाळ्या बराच वेळ चालल्या. मुख्य विश्वस्तांनी डोळे पुसले आणि करार आज, इथेच करू म्हणाले. ज्या काळात पोटची मुलं ओळख देत नाहीत त्या काळात एका यंत्राने दाखवलेल्या या आपुलकीवर ते दहा मिनिटं बोलले. सर एका बाकावर बसले होते आणि त्यांनी चप्पल काढून ठेवली होती. आजी पिंपाशेजारी उभ्या राहून ते भाषण ऐकत होत्या, आणि खणातली गोळी तोंडात या गालातून त्या गालात फिरवत सावकाश चघळत होत्या.

दाबाची गोळी चघळत नाहीत. आजींची त्या दिवशीची गोळी सिस्टरनी सकाळी आठलाच त्यांच्या हातावर ठेवली होती. घामाच्या त्या प्रकारानंतर त्यांनी पिंपात एकही खरं औषध ठेवू दिलं नव्हतं, आणि हे आजींसकट आश्रमात सगळ्यांना माहीत होतं. खणात होती ती लिमलेटची, नारंगी.